एकाच काट्यावर दोघी

आमच्या घराचा धंदा तोलण्याचा. नाशिकच्या मार्केट यार्डात आजोबांपासून आमची कांदा-बटाट्याची आडत, आणि घरातल्या पुरुषांना एक गोष्ट बाळकडूसारखी पाजलेली: माणूस खोटं बोलतो, काटा बोलत नाही. गोणीच्या तळाशी कुणी ओला माल दडवला असेल तर माझा मोठा भाऊ मोतीराम गोणीचं तोंडही न सोडता, नुसत्या वजनावरून ओळखायचा. यार्डात त्याच्या या नजरेला मान होता. घरी येताना तो ती नजर तिथेच ठेवून आला असता तर फार बरं झालं असतं.

मी त्याची धाकटी बहीण. लग्नानंतर देवळाली कॅम्पात राहते, नवरा तोफखान्याच्या वर्कशॉपमध्ये. माहेर पंचवटीत, बसच्या अंतरावर, त्यामुळे माझी फेरी नेहमीचीच. स्वतः मी काडीपैलवान. खाल्लेलं कुठे जातं ते मला आजवर कळलेलं नाही, आणि त्याबद्दल कुणी माझं कौतुक केलं तर मला हसू येतं, कारण त्यात माझं कर्तृत्व शून्य आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या घरात जे घडलं ते ही एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात न शिरल्यामुळे घडलं.

मला दोन वहिनी. मोतीरामदादाची बायको पुतळाबाई, तिला मी मोठी वहिनी म्हणते, आणि मधल्या भिकनदादाची मीना. दोघीही अंगाने अशा की जिन्यात समोरासमोर आल्या तर एकीला मागे फिरावं लागायचं. लोक म्हणायचे, खात्यापित्या घरच्या सुना आहेत. पण दोघींच्या लठ्ठपणाची कुळकथा एक नव्हती. मीना माहेराहूनच तशी आली. तिची आई, मावशी, भाऊ सगळे त्याच मापाचे. वय चौतीस आणि नखात रोग नाही. मोठी वहिनी मात्र लग्नात माझ्यासारखीच शिडशिडीत होती. नव्वद साली मुलगा योगेश पोटात असताना तिला साखर निघाली ती गेलीच नाही. आधी गोळ्या, गोळ्यांनी भागेना तेव्हा इन्सुलिन, मग थायरॉइड, मग गुडघे. प्रत्येक दुखणं येताना सोबत चार-पाच किलो घेऊन आलं आणि कायमचं मुक्कामाला राहिलं.

दोन हजार सातच्या सुमारास मुंबईचे एक सर्जन दर शनिवारी गंगापूर रोडवरच्या एका हॉस्पिटलात येऊ लागले. ते वजन उतरवायचं ऑपरेशन करत, आमच्याकडे त्याला पोट लहान करायचं ऑपरेशन म्हणत. मीनाच्या माहेरच्या कुणीतरी ते करून घेतलं होतं, म्हणून तिने भिकनदादाच्या मागे टुमणं लावलं. मोतीरामदादाने ऐकून घेतलं आणि निकाल दिला, करायचं तर दोघींचं एकदमच करू. मोठ्या वहिनीला गुडघ्याच्या डॉक्टरांनी आधी वजन उतरवा असं सांगितलेलंच होतं. ती मनातून घाबरली होती, पण आमच्याकडे मोठ्या दादाचा निकाल म्हणजे निकाल.

डॉक्टरांकडे जाताना आईने मला बोलावून घेतलं, का तर मी बी.ए. झालेली. डॉक्टर भला माणूस होता. त्याने कागदावर पोटाचं चित्र काढलं, काय कापणार, काय जोडणार ते दाखवलं, आणि मग पेन खाली ठेवून दादाला म्हणाला की दोघींची तुलना करू नका. धाकट्या बाईंचं वजन भराभर उतरेल. मोठ्या बाईंची साखर जुनी आहे, इन्सुलिन चालू आहे, थायरॉइड आहे, गुडघ्यांमुळे चालणं नाही. ही सगळी दुखणी वजनाला धरून ठेवतात. त्यांचं कमी उतरेल आणि सावकाश उतरेल, कदाचित धाकट्या बाईंच्या निम्मंसुद्धा नाही. पण त्यांचा फायदा आतून होईल, साखर ताब्यात येईल. आणखी एक त्याने बजावलं. जेवण कमी झालं की तेवढंच इन्सुलिन अंगाला जास्त होऊ शकतं. कधी दरदरून घाम आला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर विचार न करता साखर किंवा गूळ तोंडात टाकायचा.

दादा म्हणाला, "समजलं." यार्डात समजलं म्हणजे सौदा संपला, पुढचा माल आणा. मला तेव्हाच वाटलं होतं की याला काही समजलेलं नाही, आणि मी तसं बसमध्ये बोललेही. दादा म्हणाला, तू तुझ्या कॅम्पात शहाणपण चालव.

ऑपरेशन एकाच दिवशी झालं, आधी मोठी वहिनी, मग मीना. बाहेरच्या बाकावर आई माळ ओढत बसली होती. दोन्ही सुना धडधाकट घरी येऊ देत, जाखमातेसमोर दोघींची गुळाची तुला करीन, असा नवस तिने तिथेच बोलून टाकला. जाखमाता आमच्या मूळ गावची, पेठ रस्त्यावर घाट लागायच्या अलीकडे. आमच्यात असा नवस जुना आहे. माणूस एका पारड्यात, गुळाच्या ढेपा दुसऱ्यात, आणि तो गूळ देवीला दाखवून जत्रेत वाटायचा. आजवर लहान पोरांची तुला व्हायची. एवढ्या मोठ्या दोन बायकांची तुला गावाने पाहिलेली नव्हती, पण हे त्या वेळी आईच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं.

दोघी धडधाकट घरी आल्या. वाटीभर भाताच्या पाण्यापासून सुरुवात झाली, मग मुगाचं कढण, मग चार घास मऊ खिचडी. आणि दर रविवारचं वजन सुरू झालं.

घरातला छोटा काटा दोघींना पुरत नव्हता, म्हणून रविवारी यार्ड शांत असताना दादा दोघींना जीपमध्ये घालून आडतीवर न्यायचा आणि गोण्यांच्या मोठ्या काट्यावर उभं करायचा. आमचा मापारी कोंडाजी, तो वजनं सरकवायचा आणि आकडा ओरडून सांगायचा, कारण आयुष्यभर त्याला तशीच सवय. शेजारच्या गाळ्यावरचे हमाल बिड्या ओढत ऐकायचे. मी एकदा हा प्रकार पाहिला आणि मला संताप आला. मी म्हटलं, दादा, या बायका आहेत का बटाटे? तो म्हणाला, लाज कसली, घरचाच काटा आहे.

मीना उतरत गेली. होळीपर्यंत तिच्या बांगड्या हातातून निसटायला लागल्या, पावसाळ्यात तिने भिकनदादाची मोटारसायकल शिकायला घेतली, दिवाळीला माहेरच्यांनी तिला ओळखलं नाही म्हणून ती दोन दिवस हसत होती. मोठी वहिनी पहिले दोन-तीन महिने उतरली आणि मग अडकली. कोंडाजी रविवारमागून रविवार तोच आकडा ओरडायचा. एकदा तर त्याला इतकं वाईट वाटलं की त्याने किलोभर कमी सांगितलं. दादाने लगेच पकडलं आणि त्याला सगळ्यांसमोर झापलं.

आता वहिनीचं काय चाललं होतं ते मी सांगते, कारण ते काट्यावर दिसत नव्हतं आणि म्हणून आमच्या घरात कुणालाच दिसत नव्हतं. तिचं इन्सुलिन निम्म्याहून कमी झालं होतं. पायांची आग थांबली होती. पूर्वी ती उशा रचून बसल्या-बसल्या झोपायची, आता आडवी होऊन झोपायला लागली होती. सकाळी ती घरापासून रामकुंडापर्यंत चालत जायची आणि चालत परत यायची. एकदा तिने मला कानात सांगितलं, "वन्सं, मी काल गच्चीवर गेले. पाच वर्षांनी गेले. आपल्या गच्चीवरून बालाजीचं देऊळ दिसतं हे मी विसरलेच होते." असं बोलताना तिचा चेहरा इतका उजळला होता की मी तिच्या गालाला हात लावला.

हे तिने दादाला सांगितलं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, सांगितलं, ते म्हणाले वजन किती ते सांग.

दादा वाईट माणूस नाही. बायकोच्या आजारपणात त्याने रात्री जागून काढल्या आहेत. पण त्याचा हिशेब सरळ होता. एकच डॉक्टर, एकच ऑपरेशन, एकाच चुलीवरचा स्वयंपाक. मग एक उतरते आणि एक उतरत नाही, याचा अर्थ यार्डात एकच होतो. तळाशी काहीतरी दडवलेलं आहे.

आणि मग ते सापडलंही. दुपारची वेळ, सगळे आडवे झालेले. आई पाणी प्यायला उठली, तर मोठी वहिनी फडताळाशी पाठमोरी उभी, आणि गुळाचा खडा तोंडात कोंबते आहे. आईला पाहून ती दचकली. तिचा हात थरथरत होता, कपाळावर घाम होता. चोरी पकडली गेल्यावर माणसाचं जसं होतं तसंच सगळं. वहिनी म्हणाली, साखर उतरली होती. आई म्हणाली, "अठरा वर्सं साखर चढली म्हणून औषधं खाल्ली, आता उतरली म्हणून गूळ खाती? आन् उतरायलाच तर पोट कापलं ना तुझं?"

आईलाही मी दोष देत नाही. साखर म्हणजे चढणारी गोष्ट, ती उतरणंसुद्धा जिवावर बेततं, हे तिला कुणी कधी समजावून सांगितलं नव्हतं. एकदा डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेव्हा ती बाहेर बाकावर होती आणि आत दादा होता. तिने संध्याकाळी दादाला सांगितलं. दादाने एक शब्द बोलून न दाखवता गूळ-साखरेचे डबे कपाटात ठेवले आणि किल्ली आईच्या कमरेला दिली. माणसाने भांडावं, ओरडावं, त्यातून काही बाहेर तरी पडतं. किल्लीशी कसं भांडणार?

मला हे कळलं तेव्हा मी दादाला फोनवर डॉक्टरच्या शब्दांची आठवण करून दिली. तो म्हणाला, डॉक्टर सगळ्यांना सगळंच सांगतात, पण काटा काय सांगतो ते बघ. मग म्हणाला, तू दिली गेलेली आहेस, तुला चहापाण्याला ये म्हणतो, घर चालवायला नाही. मी रिसीव्हर ठेवला. नवऱ्याने चहा आणून दिला, तो तसाच निवला.

खरं काय ते घरात एकट्या मीनाला माहीत होतं. त्यानंतर एकदा मोठी वहिनी तिच्यासमोरच पलंगावर कोसळायच्या बेतात आली होती, आणि कपाटाला कुलूप म्हणून मीना शेजारच्या सावित्रीबाईंकडून वाटीभर साखर घेऊन धावत आली होती. तेव्हापासून ती मोठ्या जावेच्या पदराला रोज सकाळी साखरेची छोटी गाठ मारून द्यायची. पण मोठ्या दिरासमोर धाकट्या सुनेने तोंड उघडायची आमच्याकडे रीत नाही. तिने भिकनदादाला सांगितलं. तो म्हणाला, वडीलभावाच्या संसारात मी बोलू का? आणि तिथेच ते राहिलं. शिवाय, मीनाच मला नंतर म्हणाली, घरादारात आपली वाहवा होत असताना त्यात खोट काढायला जीभही जड होते.

या सगळ्याने मोठी वहिनी आणखी कमी खायला लागली. कुणी बघत असलं की भाकरीचा चतकोरही परत टोपल्यात ठेवायची. आपण खात नाही हे सिद्ध करायचं तर न खाण्याशिवाय माणूस दुसरं काय करणार? काटा तरीही हलेना.

चैत्रात जत्रा आली. आई म्हणाली, नवस दुसऱ्या वर्षावर ढकलायचा नाही.

आम्ही पहाटेच पंचवटीहून निघालो, दोन जीप करून. एका जीपमध्ये माणसं, दुसरीत गुळाच्या ढेपा. तुलेला बसणाऱ्याने उपाशीपोटी बसायचं असतं. मोठ्या वहिनीने निघताना इन्सुलिन घेतलं. इंजेक्शन काही झालं तरी चुकवायचं नाही, हा तिचा इतक्या वर्षांचा नेम. तिने मनाशी धरलं होतं की पोचताच तुला होईल, मग प्रसाद, मग जेवण. गावी पोचल्यावर विहिरीवर आंघोळ झाली, आणि आईने दोघींना नवसाची नवी कोरी लुगडी नेसायला दिली. जुनं पातळ वहिनीने घडी करून जीपमध्ये ठेवलं. साखरेची गाठ त्याच्याच पदराला राहिली.

तुला काही पोचताच झाली नाही. देवीची पालखी वरच्या पाड्यावरून यायची होती, ती येईचना. पेठ-सुरगाण्याकडच्या माणसांनी भरलेल्या जीपा येत राहिल्या, संबळ वाजत राहिलं, ऊन देवळाच्या पायऱ्यांवरून खाली उतरलं. मी वहिनीला विचारलं, बरं वाटतंय ना? ती हो म्हणाली. तिला घाम आला होता. चैत्रातलं ऊन, घाम सगळ्यांनाच आला होता.

पालखी टेकली तेव्हा सूर्य डोक्यावर होता. चिंचेखाली तीन वाशांचं तिकाटणं उभं केलेलं, त्याला दोन फळ्यांची पारडी साखळ्यांनी टांगलेली. आधी मीना बसली. ढेपा चढत गेल्या आणि लोकांना वाटलं त्याच्या कितीतरी आधी पारडं उचललं गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला दोन वर्षांपूर्वी पाहिलेल्या बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. मीना उतरली आणि मोठ्या वहिनीला दोघांनी हाताला धरून फळीवर बसवलं.

ढेपा चढू लागल्या. मीनाच्या ढेपा संपल्या, बाजूला ठेवलेल्या आणल्या. कुणीतरी ढेपा मोजायला लागलं. दादा साखळी धरून उभा होता आणि त्याचा चेहरा, यार्डात दुसऱ्याने त्याचा माल नाकारला की व्हायचा, तसा झाला होता. तेवढ्यात वहिनी त्याच्याकडे वळली.

"मला गूळ द्या," ती म्हणाली.

ती हळू बोलली, पण संबळ नेमकं थांबलं होतं. पुढच्या रांगेला ऐकू गेलं आणि तिथून मागे गेलं. आधी एक जण हसला, मग सगळे. तुलेवरचाच गूळ मागतेय, असं बायका एकमेकींना सांगू लागल्या. गुरव म्हणाला की बाई, आधी देवीला दाखवू, मग पोटभर खा. आईने शरमेने तोंडावर पदर ओढला.

दादा खाली वाकला. मी त्याच्या मागेच होते, म्हणून मला ऐकू आलं.

"चारचौघांत तरी जिभेला आवर घाल," तो तिला म्हणाला.

वहिनीने पुन्हा मागितला. आता तिचे शब्द जडावले होते. मग तिने समोरच्या पारड्याकडे हात लांब केला. त्या हाताची बोटं उघडत-मिटत होती. फळी हलली, पारडी वरखाली झाली, आणि हसण्याची दुसरी लाट आली. त्या हसण्यातच ती साखळीवर कलंडली. लुगड्याचा पदर खांद्यावरून घसरला, आणि तो सावरायला तिचा हात वर आला नाही. मोठी वहिनी पदराच्या बाबतीत तशी बाई नव्हती.

मी तिला धरायला धावले. मीना माझ्या आधी पोचली होती, पण वहिनीकडे नाही, गुळाकडे. नारळ फोडायचा दगड तिने उचलला आणि ढेपेवर घातला. गुरव ओरडला, देवीच्या आधी हात लावू नको म्हणून. दादाही ओरडला. लग्न झाल्यापासून ज्या बाईने मोठ्या दिरासमोर मान वर केली नव्हती ती तिथे सगळ्यांदेखत म्हणाली, "देवीला माझं नाव सांगा. ही मरतेय."

गुरवाच्या हातातला तांब्या तिने ओढून घेतला, मुठीत गूळ कालवला आणि तो चिखल वहिनीच्या गालाच्या आत, हिरड्यांवर बोटाने चोळायला लागली. मी डोकं मांडीवर घेऊन बसले. वहिनीचं अंग थंडगार होतं आणि भिजलेलं. तिचे डोळे अर्धवट उघडे होते, पण त्यात ती नव्हती. आता कुणी हसत नव्हतं. गर्दीत एक पोर रडत होतं आणि त्याची आई त्याला दाबून धरत होती. मीना एकसारखी बोलत होती, गिळा ताई, गिळा, थोडं गिळा. खूप वेळाने, निदान मला तो खूप वाटला, वहिनीचा घसा हलला.

गुळाच्या जीपमधून ढेपा जमिनीवर टाकल्या आणि तिला त्यात घालून नाशिकला आणलं. वाटेत मी आणि मीना तिच्या तोंडाला गूळपाणी लावत होतो. दादा पुढे बसला होता. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. त्याचे खांदे हलत होते, रस्त्याने का कशाने ते मला सांगता येणार नाही.

सलाईन लागलं, रात्र गेली, वहिनी शुद्धीवर आली. तिने सगळ्यांना नावानिशी ओळखलं तेव्हा मी हॉस्पिटलच्या जिन्यात जाऊन रडून आले. तो शनिवार होता, म्हणून मुंबईचे डॉक्टरही आले. त्यांनी आम्हा सगळ्यांना तिच्या खोलीतच उभं केलं आणि दीड वर्षापूर्वी सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं. जुनी साखर, इन्सुलिन, थायरॉइड, गुडघे. धाकट्या बाईंच्या अंगात वजनाला धरून ठेवणारं काही नव्हतं, यांच्या अंगात चार गोष्टी होत्या. यांचं जेवढं उतरलं आहे तेवढं उतरणं ही कमाई आहे. एवढं कमी खाऊन इन्सुलिन घेणारी बाई आणि घरातल्या साखरेला कुलूप, हे ऐकल्यावर मात्र त्यांचा आवाज चढला. मग ते दादाकडे एकदा पाहून निघून गेले.

खोलीत आम्ही घरचेच उरलो. आई पलंगाच्या पायथ्याशी होती. तिने कमरेची किल्ली काढली आणि वहिनीच्या उशाशी ठेवली.

"मला काय ठावं पोरी," ती म्हणाली. "तू खात नव्हती. आन् आम्ही तुला चोर ठरवलं."

भिकनदादा म्हणाला की खरंच, वहिनींनी काही खाल्लेलं नव्हतं, उगाच संशय घेतला. मोतीरामदादा भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे आला, वहिनीच्या हाताला लागलेली सुई बघितली, आणि बोलला. "चूक माझी हाय. तू खात नव्हतीस हे मला कळायला पाहिजे होतं. मला कळलं असतं, तर मी काल गूळ दिला असता."

मला वाटलं, झालं, दादा वाकला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने आपला आकडा चुकला हे कबूल केलं होतं. आता वहिनी रडेल, आई रडेल, आणि घर पुन्हा मार्गी लागेल. मीनासुद्धा डोळे पुसत होती.

वहिनी रडली नाही. तिने किल्लीकडे पाहिलं, मग दादाकडे. तिचा आवाज बारीक झाला होता, पण शब्द नीट होते.

"आणि खात असते तर?"

दादाला कळलं नाही. तो म्हणाला, नाय, डॉक्टर म्हणाले ना, तू खात नव्हतीसच.

"मी खरंच चोरून खाल्लं असतं," वहिनी म्हणाली, "रोज खाल्लं असतं, तर काल मला गूळ न देता तिथं तसंच बसू दिलं असतं का?"

आईने किल्ली परत हातात घेतली आणि तिचं काय करायचं ते न कळून तशीच धरून ठेवली. भिकनदादा खिडकीपाशी गेला. मोतीरामदादाने तोंड उघडलं. वहिनीने प्रश्न पुन्हा विचारला नाही. ती रागावलेलीही नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होती.